दिवसाचं बंद दार

पोह्यांवरची ताटली तशीच होती. सम्यकने ती उचलून पाहिलं, पोह्यांना चमचासुद्धा लागलेला नव्हता. पावणेनऊला त्याने स्वतःच्या हाताने अप्पांना इन्सुलिन टोचलं होतं. इंजेक्शन घेतलं की अर्ध्या तासात खायचंच, असं डॉक्टरांनी बजावलेलं. अक्षताने, त्याच्या बहिणीने, तर ते कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं होतं. आता पावणेदहा झाले होते. अप्पांचा चष्मा टेबलावर होता, मोबाइल चार्जिंगला होता. चपला नव्हत्या आणि अप्पा नव्हते.

अप्पा म्हणजे सम्यकचे वडील, सीताराम. वय एकाहत्तर. ऐन तारुण्यात गिरणीत होते. संपानंतर परळच्याच एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. गेली तीन वर्षं त्यांचं डोकं त्यांना दगा देत होतं. सकाळी जेवलो की नाही हे दुपारी आठवत नसे, पण चाळीतल्या कुठल्या लग्नात कोण रुसून बसला होता ते नावानिशी आठवे. असल्या माणसाला एकटं सोडू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं, आणि सम्यक तर एकतीस वर्षांचा घोडा. त्यातून तो कुठे बाहेर गेला नव्हता. आतल्या खोलीत, कानांवर हे एवढाले हेडफोन चढवून बसला होता.

बंगळुरूच्या कंपनीशी त्याची मीटिंग चालली होती, भीती या विषयावर.

सम्यक भीतीदायक व्हिडिओ गेम बनवायचा. हे वेड जुनं. पोयबावडीच्या सायबर कॅफेत शाळा बुडवून तो आणि त्याचा मित्र विनीत एकाच खुर्चीवर दाटीवाटीने बसून असले गेम खेळायचे. एकात ओसाड इस्पितळातून चालायचं, हातात टॉर्च, आणि टॉर्चची बॅटरी संपत चाललेली. एकात लिफ्ट आपोआप प्रत्येक मजल्यावर थांबायची, दार उघडायचं, बाहेर कुणीच नसायचं. विनीत राक्षस दिसला की किंचाळायचा. सम्यकचं उलटं. राक्षस दिसला की त्याची भीती संपायची, कारण मग काय करायचं ते ठरलेलं असतं, पळायचं. भीती त्याच्या आधीची. काहीतरी आहे, पण काय ते कळत नाही, आणि पुढचं पाऊल आपल्यालाच टाकायचं आहे. सिनेमात माणूस दार उघडतो आणि आपण डोळे झाकतो. गेममध्ये डोळे झाकले तर दार तसंच राहतं. उघडलं तर आपण उघडलं, नाही उघडलं तर आपण नाही उघडलं. सगळा दोष आपला.

दोन वर्षांपूर्वी त्याने ‘मणियार चाळ, दुसरा मजला’ हा गेम केला आणि तो भलताच गाजला. भुतांच्या गेममध्ये रात्र असते, याच्यात लख्ख दुपार होती. परळच्या चाळीची लांब गॅलरी, दोरीवर वाळणारे कपडे, कुठेतरी कुकरची शिट्टी, कुठेतरी रेडिओ, आणि एकोणीस खोल्यांची एकोणीस दारं बंद. माणूस एकही नाही. खेळणाऱ्याने एकेक दार वाजवत पुढे जायचं. नियम एकच, कुठलंही दार फक्त दोनदा वाजवायचं. तिसऱ्यांदा वाजवलं की मागून ते यायचं. ते म्हणजे काय, हे सम्यकने कुठेच दाखवलं नव्हतं. एकोणिसाव्या दाराआड काय आहे तेही नाही. कंपनीला आता तेच हवं होतं. लोक विचारताहेत, दाखव. सम्यक नाही म्हणत होता, ते समजावत होते, आणि या हुज्जतीत अप्पा दार उघडून निघून गेले, ते त्याला कळलंसुद्धा नाही.

तो जिन्याने वर गेला, गच्ची पाहिली, बावीस मजल्यांचा जिना उतरत प्रत्येक मजल्यावर हाका मारल्या. खाली वॉचमन जयवंत होता. तो म्हणाला, “कचऱ्याची गाडी आलेली साडेनवाला, तेव्हा गेट सताड उघडं होतं रे. मी मागे पंपावर गेलो होतो. तेव्हाच सटकले असतील.”

“कॅमेरा?”

“गेटचा बंद आहे, महिना झाला. सोसायटीला सांगून सांगून थकलो.”

सम्यकने अक्षताला फोन लावला. ती कल्याणला नर्स होती. तिने आधी वेळ विचारली, मग युनिट किती दिले ते विचारलं, आणि मग तिचा आवाज बदलला. “सम्या, ऐक. बारापर्यंत पोटात काही गेलं नाही तर ते पडतील. घाम येईल, थरथरतील, बरळतील, आणि लोकांना वाटेल म्हातारा प्यायलाय. खिशात साखर घे आणि पळ. मी निघतेच आहे.”

त्याने खिशात साखरेची पुडी कोंबली आणि तो पळाला.

भोईवाड्याच्या पोलिसांना फोटो दिला. अप्पा जिथे नोकरीला होते त्या हॉस्पिटलात गेला, बाकड्याबाकड्यावर झोपलेल्या नातेवाइकांची तोंडं पाहिली. विहारात गेला. लालबागच्या बाजारात मसाल्याच्या खमंग ठसक्यात खोकत खोकत दुकानदारांना मोबाइलवरचा फोटो दाखवला. “पांढरा सदरा, थोडे वाकून चालतात, भेटले तर धरून ठेवा आणि साखर द्या, प्लीज.” लोक भले होते, फोटो नीट बघत होते, आणि मान हलवत होते. साडेअकरा झाले, बारा झाले. पांढरा सदरा घातलेला प्रत्येक म्हातारा त्याला लांबून अप्पा वाटे आणि जवळ गेल्यावर दुसराच कुणी निघे. सम्यकच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आयुष्यभर लोकांना घाबरवायची कला शिकलेला हा माणूस, परळ नाक्यावर भर उन्हात उभा राहून लहान पोरासारखा घाबरला होता.

आणि हे सगळं त्याच्याच करणीचं आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

कारण अप्पा रोज तो गेम पाहायचे. गेम कळायचा म्हणून नव्हे. सम्यकने त्यात त्यांची जुनी चाळ हुबेहूब उभी केली होती, अगदी नळाखालची फुटकी फरशीसुद्धा. अप्पांना पडद्यावर चाळ दिसली की ते शांत व्हायचे. मागे खुर्ची टाकून बसायचे आणि बोट दाखवून सांगायचे, ही कमलची खोली, हे शिंद्यांचं पिंप. सम्यकला बरं वाटायचं. ज्या गेमने जगभरच्या पोरांची झोप उडवली, तो याच्या बापाला घर वाटतो, हे तो मित्रांना कौतुकाने सांगायचा. गाढव होता. कारण थोड्या वेळाने अप्पा अस्वस्थ व्हायचे आणि विचारायचे, “सगळी गेली कुठं? दिवसाढवळ्या दारं का लावलीत?”

मणियार चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नव्हती. पडदा सोडा, पाट आडवा ठेवा, पण दार उघडं. कुणाचं दार दिवसा बंद दिसलं की पहिली पोचायची ती कमलमावशी, आणि तिचा नियम अख्ख्या चाळीचा होता. तीनदा दार वाजवायचं. तिसऱ्यांदाही आतून ओ आली नाही तर माणसं बोलवायची आणि कडी तोडायची. त्या नियमाने दोन जीव वाचलेले अप्पांनी स्वतः पाहिले होते. म्हणून पडद्यावर सम्यक दोनदा दार वाजवून पुढे सरकला की अप्पा मागून म्हणायचे, “अरे, तिसऱ्यांदा वाजव की. तिसऱ्यांदा का नाही वाजवत?”

“गेम आहे अप्पा,” सम्यक म्हणायचा.

काल संध्याकाळी ते एवढं विचारून थांबले नव्हते. “तू वाजवत नसशील तर मी जातो,” असं म्हणून उठले होते, आणि सम्यकने हसून त्यांना चहा दिला होता.

हे आठवलं तशी त्याने शिवडीची टॅक्सी पकडली. चाळ पाडल्यावर नवी बिल्डिंग होईपर्यंत त्यांना तिकडे ट्रान्झिट कॅम्पात आठ वर्षं काढावी लागली होती; जुनं घर म्हणायला तेवढंच उरलं होतं. तिथल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दारापुढे तो धापा टाकत उभा राहिला. दाराला तेच लॅच होतं, ओढलं की आपोआप लागणारं. आत आता दुसरं कुटुंब होतं. अप्पा आले होते का, हे विचारायला त्याने हात उचलला आणि तो हात तसाच हवेत राहिला.

याच दारापुढे तो आठ वर्षांपूर्वी असाच उभा होता. एप्रिल महिना, दुपारचे बारा. विनीतकडे नवा गेम आला होता, फार भयानक आहे म्हणत होते, आणि सम्यकला घरून त्याचा पेनड्राइव्ह हवा होता. किल्ली नव्हती. त्याने दार वाजवलं. आत रेडिओ चालू होता. पुन्हा वाजवलं. आई झोपली असेल, असं म्हणून तो निघून गेला आणि संध्याकाळपर्यंत विनीतबरोबर मजेत किंचाळत बसला. सहा वाजता अप्पांनी किल्लीने दार उघडलं तेव्हा सम्यकची आई, कांता, स्वयंपाकघरात पडलेली होती. झटका अकराला आला असावा, पण दोनपर्यंत जीव होता, असं डॉक्टर म्हणाले.

आईच्या जलदानविधीच्या दिवशी अप्पा येईल त्याला सांगत होते, “मणियार चाळ असती तर वाचली असती हो. कुणीतरी दार वाजवलं असतं. इथं कुणीच वाजवलं नाही.” सम्यक त्यांच्या शेजारून चहाचा ट्रे घेऊन जात होता. त्याने ते ऐकलं आणि तो कप वाटत राहिला. पुढे गेम गाजल्यावर एका मुलाखतीत त्याला विचारलं होतं, दोनदाच वाजवायचं, हा नियम सुचला कसा? त्याने काहीतरी जपानी दंतकथा ठोकून दिली होती. खरं त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, अक्षतालासुद्धा नाही.

दार एका बाईने उघडलं. अप्पा तिथे आले नव्हते. एक वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि सम्यक जिन्यात मटकन बसला. त्याने मनातल्या मनात हात जोडले. कुणापुढे ते त्यालाच माहीत नव्हतं. मला काय शिक्षा द्यायची ती द्या, त्या माणसाच्या पोटात फक्त घासभर काहीतरी जाऊ दे.

तेवढ्यात जयवंतचा फोन आला.

“सम्यक, एक विचित्र आहे, म्हणून सांगतो. पुढच्या टॉवरचा सिक्युरिटीवाला आत्ता सांगत होता, त्यांच्याकडे अकरा वाजल्यापासून कंप्लेंट येतायत. कोणतरी दार वाजवतं आणि निघून जातं. बेल नाही मारत, दार वाजवतं. लोकं टरकलीत. हे लिफ्टने वर जातात तोवर गायब. पोरांचा चावटपणा असेल म्हणून सोडून दिलं त्यांनी.”

“किती वेळा वाजवतं?”

“काय?”

“दार, जयवंतदादा. किती वेळा वाजवतं?”

“तीनदा, म्हणे.”

सम्यक टॅक्सीत बसून स्वतःला शिव्या घालत होता. चाळ होती ती रस्त्यालगतची जागा विकाऊ टॉवरला गेली होती आणि चाळकऱ्यांची बिल्डिंग मागच्या कोपऱ्यात उभी राहिली होती. टॉवरला वेगळं गेट, वेगळी लिफ्ट, लिफ्टला कार्ड. तीन वर्षांत मागच्या बिल्डिंगमधलं एक माणूस त्या टॉवरमध्ये गेलेलं नव्हतं. तिकडे आपलं काय काम, असं सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. म्हणून शिवडीपर्यंत शोधणाऱ्या सम्यकला पन्नास पावलांवरचा टॉवर सुचलाच नाही. अप्पांना ही अडचण नव्हती. त्यांना टॉवर आठवतच नव्हता. ते पार्किंगमधून सरळ आपल्या चाळीच्या जागी गेले होते, सर्व्हिसच्या जिन्याने चढले होते, आणि तिथे मजल्यामजल्यावर त्यांना काल पडद्यावर पाहिलेलंच दिसलं होतं. लख्ख दुपार आणि सगळी दारं बंद.

सिक्युरिटीवाला आधी कार्ड मागत होता. सम्यकचं तोंड पाहून त्याने स्वतःच लिफ्ट उघडली आणि शेवटची कंप्लेंट सतराव्यावरून आल्याचं सांगितलं. सतराव्या मजल्यावर लिफ्टचं दार सरकलं आणि समोर पॅसेजच्या टोकाला अप्पा दिसले.

ते शेवटच्या दारापुढे जमिनीवर बसले होते. सदरा घामाने अंगाला चिकटलेला, उजव्या हाताच्या बोटांची सालटी निघालेली. शेजारी एक पोक्त बाई स्टीलचा पेला घेऊन उकिडवी बसली होती. अंबिका तिचं नाव, तिथे एका घरी स्वयंपाकाला होती. “तुमचे काय?” ती म्हणाली. “मगाशी आमचं दार वाजवलं. बघते तर हात असे थरथरतायत, घाम नुसता. माझ्या मालकांना शुगर होती, मला कळलं. दोन पेले साखरपाणी पाजलं, आता जरा बरे आहेत. खाली सोडते म्हटलं, तर ऐकत नाहीत. आणखी दारं राहिलीत म्हणतात.”

सम्यकने तिचे पायच धरले असते, पण आधी अप्पा होते. तो अप्पांपुढे बसला, पुडीतली साखर त्यांच्या तोंडात घातली, त्यांचा हात स्वतःच्या हातात घेतला. हात गार होता.

“आलास?” अप्पा म्हणाले. “बरं झालं. कमल गावाला गेलीय वाटतं, म्हणून मीच निघालो. सगळी हायत, काळजी नको. तीनदा वाजवलं की उघडतात.” खरंच, त्या मजल्यावरची बाकीची दारं उघडी होती आणि दारादारात माणसं उभी होती, एक चड्डीतला तरुण, एक कानात इअरफोन लावलेली मुलगी, एक म्हातारी. काय चाललंय ते बघत होती. “एवढं एकच उघडत नाही.”

“ते दुबईला असतात,” अंबिका हळूच म्हणाली. “दोन वर्षं बंद आहे.”

“अप्पा, चला घरी. अक्षता येतेय.”

“जायचं कसं? कांता आत आहे,” अप्पा म्हणाले.

सम्यकला थाप मारता आली असती. आई अक्षताकडे गेलीय, असं तो एरवी रोज सांगायचा आणि ते पटायचं. या वेळी त्याची जीभ उचलेना. आठ वर्षं तो ज्या दारापासून पळत होता ते त्यानेच गेममध्ये बांधलं होतं, त्याला रंग दिला होता, त्यावर आकडा घातला होता आणि बापाला रोज त्याच्यापुढे बसवलं होतं.

“अप्पा,” तो म्हणाला, “त्या दिवशी मी आलो होतो.”

अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं.

“आई गेली त्या दिवशी. शिवडीला. दुपारी बाराला मी आलो होतो. तुम्ही म्हणता ना कुणीच दार वाजवलं नाही, मी वाजवलं होतं. आत रेडिओ चालू होता. मला वाटलं झोपलीय. मी गेम खेळायला गेलो, अप्पा. तेव्हा ती जिवंत होती.”

सम्यक मान खाली घालून बसला. कानाखाली बसेल, म्हातारा टाहो फोडेल, काहीही होईल, त्याची तयारी होती. त्याला ते हवंच होतं.

“किती वेळा वाजवलंस?” अप्पांनी विचारलं.

“दोनदा.”

अप्पा विचारात पडले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काय ऐकलं, त्यातलं किती पोचलं, ते कळायला मार्ग नव्हता. मग त्यांनी सोललेल्या बोटांनी सम्यकच्या खांद्याला धरलं आणि जोर देऊन उभे राहिले.

“मग आता वाजव की एकदा,” ते म्हणाले. “बाकी आहे ना.”

सम्यक उठला. समोर सागवानी दार, पितळी कडी, धुळीने भरलेलं पायपुसणं. आत कुणी नाही हे त्याला माहीत होतं, सगळ्या मजल्याला माहीत होतं. तरी हात उचलताना त्याचं काळीज धडधडत होतं, तसं ते कुठल्याही गेमने कधी धडधडलं नव्हतं.

त्याने दार वाजवलं.

अप्पांनी कान दाराला लावला. बराच वेळ लावून ठेवला. हॉस्पिटलात वर्षानुवर्षं पेशंटच्या तोंडाशी वाकून श्वास बघितलेला तो माणूस तसाच वाकून ऐकत राहिला. मग सरळ झाला आणि त्याने मान हलवली.

“ओ देत नाही,” ते म्हणाले. “माणसं बोलव, सम्या. कडी तोडायला लागेल.”

सम्यकने वळून दारादारातल्या लोकांकडे पाहिलं. त्याला बोलायचं होतं, पण त्याच्या तोंडून नुसता हुंदका आला. अंबिकाने पेला खाली ठेवला आणि ती पुढे आली. तिच्या मागोमाग तो चड्डीतला तरुण आला, काही न विचारता, आणि इअरफोन काढून ती मुलगीही आली. सगळी त्या बंद दाराभोवती उभी राहिली.

“आई,” सम्यकने दाराला कपाळ लावून हाक मारली.

“मोठ्याने,” अप्पा म्हणाले. “रेडिओ चालू असेल आत.”